चौथ्या बरणीचं झाकण

लुडाका, ट्रान्स्काय
३ मार्च १८८७

प्रिय ऑगस्टा,

मोजे मिळाले. एक गुडघ्यापर्यंत येतो, दुसरा घोट्यापाशीच थांबतो. पण इथे मॅजिस्ट्रेटच्या पायांकडे कोणी बघत नाही, तेव्हा आभार.

माझं बरं चाललंय. कोर्टाचं छप्पर अजून गळतंय. थेंब माझ्याच खुर्चीवर पडतो आणि खुर्ची हलवली की थेंबही हलतो. सरकारकडे शाकारणीसाठी गवत मागितलं, तर सरकारने गवत मागण्याचा छापील अर्ज पाठवला. काल साक्ष चालू असताना एक बोकड आत आला आणि साक्षीदाराच्या बाजूला उभा राहिला. त्याला बाहेर काढल्यावर साक्षीदाराने साक्षच बदलली. अठरा वर्षं मी या वसाहतीत न्याय देतोय, पण हल्ली वाटतं की नुसता बोकड हाकतोय.

एक छोटं काम आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी तुला तीन-चार पत्रं लिहिली होती. ती मला परत हवी आहेत. का म्हणून विचारू नकोस. माणसाला कधीकधी आपलीच जुनी पत्रं वाचावीशी वाटतात, एवढंच समज.

तुझा भाऊ,
ह्यूबर्ट

ता. क. नीट बांधून पाठव. फेब्रुवारीतलं एकही मागे राहू देऊ नकोस.


ग्रॅहम्सटाउन
१६ मार्च १८८७

प्रिय ह्यूबर्ट,

तुला जुनी पत्रं वाचावीशी वाटतात हे पाहून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. आई गेल्यावर तिची पत्रं वाटून घ्यायला बसलो होतो तेव्हा तू म्हणाला होतास, कागद सगळे ऑगस्टाला द्या, मला घड्याळ पुरे. तोच तू.

मी दोन दिवस विचार केला. आजारी असतास तर मोज्यांबद्दल कुरकुर करायचं त्राण उरलं नसतं. आठवणींचं पुस्तक लिहिणार असशील तर आत्ताच सांगते, तुझ्या पत्रांत छप्पर, सूप आणि बोकड यांच्याखेरीज काही नाही. राहता राहिलं एकच कारण. गेल्या फेब्रुवारीतच तू मिशनमधल्या मिस हॅलमबद्दल लिहिलं होतंस, की ती गायला लागली की कुत्री उठून जातात. आता तुझं तिच्याशी जमलंय, आणि लग्नाआधी तुला ते पत्र जाळायचंय. मग सरळ सांगायला काय झालं? एक्कावन्न वर्षांचा घोडा झालास तरी बहिणीपासूनची लपवाछपवी सुटत नाही.

मिस हॅलमला माझ्याकडून काही कळणार नाही. पण पत्रं मी इतक्यात पाठवू शकत नाही. ती स्वयंपाकघरात सुरक्षित आहेत आणि कामात आहेत. तू मला कारण सांगत नाहीस, मीही सांगत नाही.

नाताळात पाठवलेली जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी नवीन वर्षाच्या आत चाटूनपुसून साफ केलीस असं लिहिलं होतंस. म्हणून यंदा दोन पाठवीन.

ऑगस्टा


जा. क्र. ४१
मॅजिस्ट्रेट कचेरी, लुडाका
२८ मार्च १८८७

प्रति,
चीफ मॅजिस्ट्रेट साहेबांची कचेरी

विषय: विधवा नोलिझवे व तिचा दीर म्बुलावा यांच्यातील खटल्याचा दि. ९ फेब्रुवारी १८८६ चा कागद.

महोदय,

आपण मागितलेला वरील कागद या कचेरीत उपलब्ध नाही. तो वाळवीने खाल्ला असल्याचे खेदाने कळवतो. या जिल्ह्यातील वाळवी फार मोठी आहे.

आपला आज्ञाधारक,
ह. विंटल
मॅजिस्ट्रेट


चीफ मॅजिस्ट्रेट कचेरी
५ एप्रिल १८८७

महोदय,

आपले क्र. ४१ पोचले. आपल्याच यादीप्रमाणे ८ फेब्रुवारीचा आणि १० फेब्रुवारीचा कागद शाबूत आहे. दोन्हींच्या मधला तेवढा ९ तारखेचा कागद निवडून खाणारी वाळवी या कचेरीच्या ऐकिवात नाही. शक्य झाल्यास तिचा नमुना जपून ठेवावा.

सोमवार दि. २३ मे रोजी मी स्वतः दप्तर तपासायला येत आहे. तोवर कागद मिळाला नाही, तर मागचा निकाल झालाच नाही असे धरून खटला नव्याने चालेल. म्बुलावा याने पाच साक्षीदारांची नावे दिली आहेत. बाईच्या बाजूचा एकुलता साक्षीदार, गावचा जुना मुखिया, जानेवारीत वारला हे आपणास ठाऊक आहेच.

सी. आर. बॅगनॉल
दप्तर तपासनीस


लुडाका
१२ एप्रिल १८८७

मिस विंटल यांस,

आपण मला ओळखत नाही. मी जोनास म्झामो, आपल्या भावाच्या कोर्टात दुभाष्या आणि कारकून. लोक खोसा बोलतात ते मी साहेबांना इंग्रजीत सांगतो, साहेब बोलतात ते लोकांना खोसात. त्यात कमी करायचं नाही आणि वाढवायचं नाही अशी माझी शपथ आहे. हे पत्र मात्र मी घरी, माझ्या स्वतःच्या कागदावर लिहितोय आणि साहेबांना विचारलेलं नाही.

साहेबांनी आपल्याकडे पत्रं मागितली, पण कारण सांगितलं नाही, हे मला काल कळलं. आपला मिस हॅलमबद्दल काही समज झाला आहे हेही कळलं. तसं काही नाही. मिस हॅलम साहेबांना दारात उभं करत नाही.

खरी गोष्ट अशी आहे. नोलिझवे नावाची एक विधवा आहे. नदीकाठचं एक शेत आणि त्यालगतचं घर नवऱ्याने मरताना तिला दिलं. तिचा दीर म्बुलावा म्हणाला, बाईमाणसाला शेत कसलं, ते माझं. गेल्या वर्षी नऊ फेब्रुवारीला खटला उभा राहिला. जुन्या मुखियाने समोर बसून प्रश्न विचारले, तेव्हा म्बुलावाने स्वतः कबूल केलं की भावाने शेत तिलाच दिलं होतं, आणि ती जिवंत आहे तोवर मी हात लावणार नाही. मी लिहून घेतलं. खाली फुली मार म्हटलं तर तो म्हणाला, फुली मिशनवाल्यांची, मी माझी खूण करीन. आणि त्याने त्याच्या लाडक्या बैलाची, दुंगाची, शिंगं काढली, एक वर वळलेलं, एक खाली.

त्याच आठवड्यात मला ताप आला आणि मी तीन आठवडे अंथरुणात होतो. कोर्टाच्या वहीत नकल साहेबांनी करायची होती. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात ‘नकल करणे’ असं लिहून ठेवलं. पण केई नदीला पूर आला होता आणि कोऱ्या कागदांची पेटी पलीकडच्या काठाला अडकली होती. या कागदाची मागची बाजू कोरी होती. कोरी बाजू वाया घालवायची नाही, हे थोरल्या बहिणीने लहानपणीच शिकवलंय असं साहेब नेहमी सांगतात. त्यांनी त्या बाजूला आपल्याला पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं.

आता मुखिया गेला, आणि म्बुलावा म्हणतो, मी असं कधी बोललोच नाही. नोलिझवे दर सोमवारी येऊन कोर्टाबाहेर बसते. मला विचारते, “मास्तर, सापडला का कागद?” मी म्हणतो, नाही माई. ती म्हणते, “कागद म्हणजे काय बैल आहे, चरत चरत लांब जायला? घरातच असेल. नीट शोधत नाही तुम्ही.” तेवढ्यात साहेब मागच्या दाराने तबेल्यात जातात आणि घोड्याला पुन्हा खरारा करतात. तो घोडा इतका चकचकीत कधीच नव्हता.

शेत गेलं तर ही बाई मुलीला घेऊन दिराच्या दारात जाईल. तो मुलीला कोणाच्या गळ्यात बांधणार हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि त्या माणसाला दात नाहीत. तपासनीस तेवीस मेला येतोय. कृपा करून ते पत्र पाठवा.

आपला,
जोनास म्झामो


ग्रॅहम्सटाउन
२१ एप्रिल १८८७

श्री. म्झामो यांस,

मी आपल्याला खरं सांगते. भावाला सांगायचा धीर अजून झालेला नाही.

मुरंब्याच्या बरणीच्या तोंडावर कागद बांधावा लागतो. अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून ताणला की वाळल्यावर घट्ट बसतो. वर्तमानपत्राची शाई उतरते. सरकारी कागद जाड असतो आणि सरकारी शाई उतरत नाही. गेली सात वर्षं माझ्या बरण्यांना ह्यूबर्टची पत्रं लागतात. घरातलं कोणी वाचू नये म्हणून त्याची बाजू मी आत करते, कोर्टाची बाजू वर. कोर्टाची बाजू मी कधी वाचली नाही. परक्यांच्या भांडणात आपण कशाला डोकं घालायचं, असं वाटायचं. काल पहिल्यांदा वाचली, आणि आपलं पत्र समोर ठेवून वाचली.

बाकीच्या बायका कागद गोल कापतात. त्यात कोपरे फुकट जातात. म्हणून मी चौकोन कापते, एका कागदाचे चार. तेव्हा जे होतं ते सगळं चार बरण्यांवर असणार. आपला बैलही मला आठवतो. मला वाटलं होतं, ह्यूबर्टने कोणाची तरी मिशी काढलीय. एका बाजूने ओघळलेली.

एक बरणी माझ्या फडताळात आहे. बाकीच्यांच्या मागे मी आत्ताच निघाले.

ऑगस्टा विंटल


ग्रॅहम्सटाउन
३ मे १८८७

ह्यूबर्ट,

प्रिय वगैरे मी आज लिहीत नाही.

मला सगळं ठाऊक आहे. कोणाकडून कळलं ते विचारू नकोस, आणि त्याला बोललास तर मी स्वतः लुडाकाला येईन आणि महिनाभर राहीन.

गेले बारा दिवस मी या गावात लोकांच्या फडताळांत डोकं घालत फिरतेय. पहिला तुकडा माझ्याच घरी निघाला. दुसरा मिसेस टॅप्सकॉटकडे. तिने बरणी थंडीसाठी राखून ठेवली होती. मी म्हटलं, मला फक्त झाकण हवंय. ती म्हणाली, मुरंब्यात काही पडलंय का? मी म्हटलं, नाही. मग तिने मला तासभर बसवून घेतलं आणि बरणी माझ्या डोळ्यांसमोर चमच्याने ढवळून पाहिली. आता गावभर झालंय की ऑगस्टा विंटलच्या मुरंब्यात काहीतरी पडतं. तिसरा तुकडा डॉगेट खोगीरवाल्याकडे होता. त्याने बरणी संपवून त्या झाकणात खिळे बांधून ठेवले होते. खिळ्यांची भोकं पडलीत, पण वाचता येतं.

तिन्ही सोबत पाठवतेय. ‘नदीकाठचे शेत’ इथे आहे. ‘माझ्या भावाने तिला दिले’ हेही आहे. पण खालचा भाग नाही, तुझी सही नाही आणि बैलही नाही. चौथी बरणी मी नाताळात तुला पाठवली होती, वर मेणकापड बांधून. आणि ती तू चाटूनपुसून साफ केलीस. झाकण अर्थातच फेकलं असशील. जन्मात एकदा तू माझ्या हातचं काही आवडीने खाल्लंस, तेही नेमकं हेच.

मला तुझा राग आलाय, आणि माझा तुझ्याहून जास्त आलाय. कोरी बाजू वाया घालवू नकोस असं तुला कोणी शिकवलं? मीच. दुसऱ्या बाजूला काय आहे ते आधी वाचावं, हे शिकवायचं राहून गेलं.

ऑगस्टा


लुडाका
१२ मे १८८७

प्रिय ऑगस्टा,

मला जर्दाळू आवडत नाहीत. लहानपणीही आवडत नव्हते. आईने वाढलेले तुझ्या ताटात सरकवायचो ते तुला आवडतात म्हणून नव्हे.

तू दर नाताळात इतक्या लांबून पाठवतेस. ‘संपला, सुरेख होता’ असं लिहिणं सोपं जातं, म्हणून लिहितो. बरण्या मी देऊन टाकतो. ही शेवटची तेवढी कपाटाच्या वरच्या फळीवर राहून गेली होती, कारण मला शिडी सापडत नव्हती. तुझं पत्र वाचून मी टेबलावर खुर्ची ठेवून चढलो. जोनास खालून खुर्ची धरून उभा होता. मेणकापडाची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. खाली सगळं होतं. माझी सही, म्बुलावाचा बैल, आणि कोपऱ्यात माझ्याच अक्षरात ‘नकल करणे’. मी टेबलावरच बसलो.

आता पुढचं ऐक आणि लगेच ओरडू नकोस. मी कचेरीला वाळवीचं लिहून बसलोय. हे चार तुकडे बॅगनॉलपुढे ठेवले की वाळवी मीच पाळली होती हे उघड होईल. सरकारी कागद घरगुती पत्राला वापरला, आणि वर सरकारला खोटं लिहिलं. पहिल्यासाठी कान उपटतील, दुसऱ्यासाठी नोकरी जाईल. तीन वर्षांनी मला पेन्शन आहे.

मी जोनासला म्हटलं, आपण या तुकड्यांवरून नवा कागद करू, तारीख जुनी घालू, कडेला थोडी भोकं पाडू. वाळवीने सगळा खाल्ला नव्हता असं सांगू. त्याने तुकडे एकावर एक रचून ठेवले. मग म्हणाला, “करू या, साहेब. अक्षर मी काढीन, सही तुम्ही करा. पण बैल कोण काढणार?” मला चीड आली. मी त्याला म्हटलं, शिंगं काढायला काय अक्कल लागते? तर म्हणतो, “साहेब, ती शिंगं नाहीत. तो त्याचा दुंगा आहे.” आणि घरी निघून गेला. हा सोळा वर्षांतला त्याचा पहिला उद्धटपणा.

सोमवारी ती बाई परत येऊन बसेल. घोडा आता माझ्या हातातला खरारा बघूनच पाय झाडतो.

काय करू ते सांग. नाहीतरी तू सांगशीलच.

ह्यूबर्ट


तार
ग्रॅहम्सटाउनहून, १९ मे १८८७
पुढे हरकाऱ्याबरोबर लुडाका

खरं सांग. ऑगस्टा.


जा. क्र. ५८
मॅजिस्ट्रेट कचेरी, लुडाका
२३ मे १८८७

प्रति,
दप्तर तपासनीस श्री. बॅगनॉल

महोदय,

माझे क्र. ४१ खोटे आहे. वाळवी नव्हती. दि. ९ फेब्रुवारी १८८६ च्या कागदाच्या पाठीवर मी बहिणीला पत्र लिहिले आणि ते टपालात टाकले. माझ्या बहिणीने त्याचे चार तुकडे करून मुरंब्याच्या बरण्यांना बांधले. यात तिचा दोष नाही. चारही तुकडे सोबत जोडले आहेत. चौथ्याला मुरंबा लागला आहे, तो मी पुसण्याचा प्रयत्न केला.

दुभाष्या म्झामो यांचा यात काडीचाही संबंध नाही. नकल माझ्याकडून राहिली. त्यासाठी जे काय व्हायचे ते मला व्हावे, नोलिझवे हिला नाही.

ह. विंटल


लुडाका
२७ जून १८८७

मिस विंटल यांस,

साहेबांनी आपल्याला त्या दिवसाबद्दल दोन ओळी लिहिल्याचं कळलं. त्यांच्या दोन ओळींत काय येतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी लिहितोय.

बॅगनॉल साहेब सकाळी आले. आपल्या भावाने कबुलीचं पत्र त्यांच्या हातात दिलं आणि ते वाचून होईपर्यंत स्वतः उभेच राहिले. वरून थेंब त्यांच्या खांद्यावर पडत होता, पण ते हलले नाहीत. बॅगनॉल साहेबांनी दोनदा वाचलं. मग चारही तुकडे चिमटीत धरून टेबलावर जोडले. जोडले जात होते अगदी बरोबर, कारण आपण चौकोन कापले होते. पण ते म्हणाले, “कापलेला, अंड्यात बुडवलेला आणि मुरंब्याने माखलेला कागद हा सरकारी कागद होत नाही. हा मला पुराव्यात घेता येणार नाही.” मी ते खोसात सांगितलं. कमी-जास्त केलं नाही.

म्बुलावा पाच साक्षीदारांसह बसला होता. तो म्हणाला, “मी आधीपासून सांगतोय. कागदावर कोणीही काहीही लिहील. मी असं बोललोच नाही.”

तेव्हा नोलिझवे उठली. आमच्यात भावजय दिराचं नाव घेत नाही आणि त्याच्या डोळ्याला डोळा देत नाही. ती भिंतीकडे बघत म्हणाली, “मास्तर, त्या पाहुण्या साहेबांना कागद नको असेल तर नसू दे. भाऊजींना दाखवा.”

बॅगनॉल साहेब वैतागून म्हणाले, त्याला वाचता येत नाही, दाखवून काय होणार? पण आपल्या भावाने तोवर चौथा तुकडा उचलला होता. त्यांनी तो स्वतः नेऊन म्बुलावाच्या हातात दिला.

आता हे मी आपल्याला कसं सांगू ते कळत नाही. तो दुंगा गेल्या हिवाळ्यात छातीच्या रोगाने मेला. म्बुलावाचे आणखी सोळा बैल त्याच साथीत गेले, पण त्यांच्यासाठी त्याने डोकं भादरलं नाही, दुंगासाठी भादरलं. लग्नाला जाताना तो त्या बैलाला पुढे चालवायचा आणि त्याच्या नावाने गायचा. त्याने तुकडा हातात घेतला आणि बघत राहिला. मग नखाने मुरंब्याचा एक डाग खरवडला, डाव्या शिंगावरचा.

“हे असंच होतं,” तो म्हणाला. “वासरू असताना कुंपणात अडकलं होतं, तेव्हापासून खाली वळलं. मी सोडवलं होतं.”

मी विचारलं, “हे कोणी काढलं?”

मागून त्याचा एक साक्षीदार पुटपुटला, “म्हण की मी नाही काढलं.” म्बुलावाने मागे वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो माणूस सरकून दुसऱ्याच्या पाठीमागे गेला.

“मी नाही काढलं म्हणू?” म्बुलावा म्हणाला. “मग हा कोणाचा? हा दुसऱ्या कोणाचा आहे म्हणू?”

छप्पर तेवढं गळत होतं. शेवटी तो बॅगनॉल साहेबांकडे बघून म्हणाला, “याच्या वर जे लिहिलंय ते मी बोललोय. मी दुंगाला खोट्याच्या खाली उभं केलेलं नाही. शेत तिचं आहे.”

मी भाषांतर केलं. बॅगनॉल साहेबांनी ते लिहून घेतलं, कोऱ्या कागदावर, आणि मागची बाजू कोरी आहे का ते उलटून पाहिलं. मला हसू आलं नाही. नंतर घरी गेल्यावर आलं.

निकाल कायम झाला आणि वहीत नकल झाली. ती मी त्याच दिवशी केली. आपल्या भावाची नोकरी गेली नाही. हुद्दा उतरवून त्यांना किनाऱ्याकडच्या एका ठाण्यावर कारकून म्हणून पाठवलं आहे. तिथलं छप्पर पत्र्याचं आहे. निघताना त्यांनी मला दौत दिली आणि म्हणाले, “जोनास, तू उद्धट माणूस आहेस.” मी म्हटलं, होय साहेब. ते घोड्यावर बसले, पुन्हा उतरले, आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मला त्यांची आठवण येते.

ते चार तुकडे ठेवायला बॅगनॉल साहेब तयार नव्हते. साखरेचा कागद दप्तरात ठेवला तर आता खरीच वाळवी लागेल, म्हणाले. तेव्हा ते नोलिझवेला दिले. तिने मला घरी बोलावून मागची बाजूही वाचून घेतली. आपल्या भावाचं सूप, मिस हॅलमचं गाणं, खुर्चीवर पडणारा थेंब, सगळं मी वाचलं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता चिडली. म्हणाली, “छप्पर गळतं म्हणून एवढ्या लांब बहिणीला कळवलं? मी दर सोमवारी बाहेर बसले होते. गवत आम्ही बायका कापतो, शाकारतोही आम्हीच. मला एका शब्दाने सांगायचं होतं.” पुढच्या आठवड्यात ती आठ बायका घेऊन आली आणि दोन दिवसांत छप्पर झालं. नव्या साहेबांना वाटतं, ते पहिल्यापासूनच असं आहे.

म्बुलावाने तिच्याकडे तो चौथा तुकडा मागितला. ती म्हणाली, कागद माझा आहे, तो माझ्या घरात राहील, बघायला या. तेव्हा तो येतो, आठ-दहा दिवसांनी एकदा, आणि शेताच्या बांधावर बसून राहतो. सध्या मक्याची काढणी चालली आहे. परवा मी तिथून जात होतो. नोलिझवे कणसं मोडत होती आणि तो बसला होता. तिने भरलेली टोपली त्याच्यापुढे आणून ठेवली आणि नजर खाली ठेवून म्हणाली, “भाऊजी, आधी ही घरापर्यंत न्या. मग बैल दाखवते.”

आमच्याकडे पुरुष टोपली उचलत नाहीत. त्याने इकडे तिकडे पाहिलं, मला पाहिलं, आणि टोपली उचलली.

आपला,
जोनास म्झामो